नट्टूचे हात

कुंभकोणमच्या बाजारात मराठीत बोललं की कोणाला काही कळत नाही, अशी कृष्णवेणीअत्तेची खात्री होती. दुकानदाराशी ती तमिळ बोलायची आणि दुकानदाराबद्दल मराठीत. त्या दिवशीही रेशमी साड्यांच्या दुकानात मांडी घालून बसल्यावर तिनं आधी पंख्याच्या आवाजाबद्दल, मग जरीबद्दल आणि शेवटी समोरच्या विक्रेत्याबद्दल आपलं मत मराठीत सांगायला सुरुवात केली.

ऐकायला शेजारी तिची भाची दिव्यश्री होती. अत्तेच्या मुलीचं, वरलक्ष्मीचं, लग्न चार महिन्यांवर आलं होतं आणि दिव्यश्रीला रंगांतलं कळतं म्हणून तिला सोबत आणलं होतं. पण दिव्यश्रीचं लक्ष रंगांवर नव्हतं. तिकडच्या दुकानांत विक्रेते साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतात. बाकीचे ते काम उरकायचे. हा गळ्यात मोजपट्टी अडकवलेला उंच, सडपातळ मुलगा मात्र घडी मोडली की जणू एकटाच उरायचा. बोटांनी पाच निऱ्या मोजल्या, एकदा हलक्या झटकल्या, पांढऱ्या शर्टावरून मुंदाणी, म्हणजे पदर, डाव्या खांद्यावर टाकली आणि तिच्यावरची नक्षी दिसावी म्हणून अर्धा वळला... त्याला ना लाज होती, ना कसला आव. पाणी ओतावं तसं सहज.

अत्ते म्हणाली, "दिव्ये, पाहा गे. आपल्या वरूपेक्षा ह्यासच साडी शोभते. ह्यासच उभा करूं काय बोहल्यावर?"

मुलानं मान वर न करता घडी घालायला घेतली. "उभा राहीन की," तो म्हणाला. मराठीत. "पण आधी माझ्या आईस विचारावं लागेल."

अत्तेचा हात तोंडावर गेला. दिव्यश्री इतकी हसली की पलीकडच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. मुलगा मात्र हसला नाही. फक्त डोळ्यांच्या कडा जरा आवळल्या. त्याचं नाव सूर्या. घर तिरुनीलक्कुडीला. वाडवडील कधीकाळी तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला होते, तेव्हापासून घरात मराठी, असं त्यानं सांगितलं. अत्तेनं त्यानंतर तासभर एकाही भाषेत काही टीका केली नाही. ती दोन साड्यांमध्ये अडकली तेव्हा तो तमिळमध्ये म्हणाला, रेशमाला घाई चालत नाही. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा, हे दिव्यश्रीला नंतर कळलं.

मेलकावेरीतल्या घरी परतल्यावर तिनं दार लोटलं आणि आठवेल तसे ते हात कागदावर उतरवले. सात कागद झाले तेव्हा कुठे ती जेवायला उठली.

दिव्यश्री चोवीस वर्षांची होती. चेन्नईच्या एका प्रकाशकासाठी ती घरबसल्या शाळेच्या पुस्तकांतली चित्रं रंगवायची. पोपट, पचनसंस्था, वाहतुकीचे नियम. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं. दर शुक्रवारी फोनवर टोपणनावानं येणारी 'नट्टू' नावाची तमिळ चित्रमालिका तिची आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याची सुरुवात कॉलेजात झाली होती. काविळीनं महिनाभर अंथरुणात पडली असताना तिच्या हाती एक जपानी चित्रकथा, मांगा, लागली. एक मुलगा सकाळी उठतो तो मुलगी होऊन, आणि पुढे विशेष काहीच घडत नाही. ना युद्ध, ना खलनायक, ना शाप. डबा भरायचा, केस विंचरायचे, शाळा गाठायची. दिव्यश्रीनं ती तीनदा वाचून काढली. मुलीनं कसं बसावं, केव्हा हसावं, कुठून वळसा घालून जावं, हे तिच्या घरात सगळ्यांना आधीच माहीत असायचं. त्या पानांत मात्र एका माणसाला त्यातलं काहीच येत नव्हतं. तो रोज चुकायचा, आणि चुकल्याबद्दल त्याला कोणी रागवत नव्हतं. तिला तो आजार संपूच नये असं वाटलं होतं.

मग तिनं स्वतःचा मुलगा काढला. नटराज, म्हणजे नट्टू, कुंभकोणमचा, एकोणीस वर्षांचा. तोही एका सकाळी मुलगी होऊन उठतो. नऊ भाग झाले, वाचणारे दोनशेही नव्हते. चेहरा गोल, गोड. पण नट्टूचे हात लाकडी होते. दुकानातून परतल्यानंतर तिनं दहावा भाग काढला. त्यात नट्टूला एका रेशमाच्या दुकानात काम मिळतं आणि तो साडी नेसून दाखवू लागतो. दुकानातले खांब, पितळी कठडा, गळ्यातली मोजपट्टी, रेशमाला घाई चालत नाही हे वाक्य, सगळं तिनं जसंच्या तसं उचललं. हात तर उचललेच.

पुढच्या शुक्रवारी वाचणारे चार हजार झाले.

ती पुन्हा दुकानात गेली. फॉल हवा होता. मग अस्तर. मग एका ब्लाउजपीसचा रंग जुळत नव्हता. तिसऱ्या खेपेला सूर्यानं विचारलं, की वरलक्ष्मीचं लग्न एकदाच आहे ना? ती म्हणाली, हो, पण अस्तरं बरीच लागतात. त्यानं गंभीरपणे अस्तर मापलं आणि कागदात गुंडाळताना सांगितलं की मंगळवारी त्याला सुट्टी असते, आणि मंगळवारी तो घरी बसत नाही.

मंगळवारी ते कावेरीच्या पायऱ्यांवर भेटू लागले. नदीत पाणी थोडं, वाळू फार. तो शेजारच्या दुकानातून दोन डवऱ्यांत, पसरट पितळी वाट्यांत, कॉफी घेऊन यायचा. आपापल्या घरची मराठी ते ताडून पाहायचे. पुण्याची एक नातेवाईक दिव्यश्रीच्या 'मज'ला पोट धरून हसली होती, तर सूर्यानं सांगितलं की त्याच्याकडे अजून सगळे 'मज'च म्हणतात. ती काय काढते, हे त्यानं विचारलं. तिनं पोपट आणि पचनसंस्था सांगितली. नट्टूचं नाव जिभेवर आलं होतं... पण तो तिच्याकडे इतक्या भरवशानं पाहत होता, की पुढच्या मंगळवारी सांगू असं तिनं ठरवलं. असे आठ मंगळवार गेले.

नवव्या मंगळवारी तो कॉफी न आणताच आला.

दुकानात कॉलेजची काही पोरं येऊ लागली होती. साडी घ्यायला नाही. ती काउंटरपाशी फोन धरून उभी राहायची आणि म्हणायची, नट्टू, एकदा मुंदाणी टाक ना. सूर्याला आधी काही कळेना. मग त्यांनी फोनवरचं चित्र त्याच्या नाकासमोर धरलं. तेच खांब, तीच मोजपट्टी. एकानं त्याचा व्हिडिओ काढला. तो तिरुनीलक्कुडीच्या बसथांब्यापर्यंत पोचला. आता मालकांनी त्याला काउंटरवरून काढून माडीवर साड्या बांधायला बसवलं होतं, असं त्यानं सांगितलं.

"पण ते चालेल," तो म्हणाला. "हे नाही चालत." त्यानं हात पुढे केले. "काल आईनं तिची साडी धरायला सांगितली. नुसती धरायला. तिसऱ्या निरीवर बोटं अडली. दिवसाला चाळीस साड्या लावायचो मी. आता साडी हातात घेतली की वाटतं, कोणीतरी मागे उभं आहे."

दिव्यश्री त्या बोटांकडे पाहत राहिली.

"तुम्हाला चित्रांतलं कळतं," तो म्हणाला. "मज सांगा. हे असं काढणारा माणूस... तो आपल्या खोलीत बसून हसत असेल ना मज?"

"नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

पलीकडच्या काठावर धुणं वाळत होतं. एक साडी वाऱ्यानं फुगली आणि खाली बसली. आता उठून जाता येईल, असं एक क्षण दिव्यश्रीच्या मनात आलं. कोणाला कधीच कळणार नाही. पण त्याचे हात अजून तसेच पुढे होते.

"सूर्या, ते मी काढते."

त्यानं हात मागे घेतले. मग त्यानं विचारलं, केव्हापासून. ती म्हणाली, नट्टू आधीपासून आहे, हात मात्र नंतरचे आहेत.

"म्हणजे तो फॉल," तो हळूहळू म्हणाला. "ते अस्तर. ब्लाउजपीस. दर वेळी तुम्ही हात बघायला येत होता."

"एकदा हातांसाठी आले. नंतर नाही."

"मज वाटायचं," तो म्हणाला आणि थांबला. "...मज वाटायचं, दर वेळी माझ्यासाठी येता."

तो उठला आणि पायऱ्या चढून निघून गेला.

त्यानंतर त्यानं तिचा फोन घेतला नाही. तिनं दुकानाचा भाग काढून टाकला, पण त्याची चित्रं आधीच शेकडो फोनवर पसरली होती. पुढचा मंगळवार रिकामा गेला. शुक्रवार आला तेव्हा नवा भाग नव्हता; वाचणारे विचारत राहिले, नट्टू आजारी आहे का. ती कागद पुढ्यात घेऊन बसायची आणि उठायची. जेवताना आईनं दोनदा विचारलं, की काय होतंय. काविळीच्या वेळीही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

बाराव्या दिवशी वरलक्ष्मीची साडी गोंडे बांधून तयार आहे असा दुकानातून निरोप आला. अत्ते निघाली. दिव्यश्री म्हणाली, मीही येते.

काउंटरवर दुसराच विक्रेता होता. मालक राजगोपाल नेहमीप्रमाणे देवाच्या तसबिरीखाली बसले होते. साठी उलटलेले, हळू बोलणारे. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. अत्ते अगदी शेजारी होती. हिच्या कानी जे पडेल ते संध्याकाळच्या आत दिव्यश्रीच्या वडिलांपर्यंत पोचणार, हे ठरलेलं होतं. पण आता नाही बोललं तर पुन्हा बोलणार नाही, हेही तिला कळत होतं.

तिनं तमिळमध्ये सांगितलं, की ती मालिका तिची आहे. दुकान तिनं न विचारता काढलं, माणूस न विचारता काढला, आणि जे झालं त्यात सूर्याचा काही दोष नाही. मालकांनी त्याला खाली आणावं. हवं तर ती सगळ्यांसमोर लिहून देईल.

अत्तेनं हातातली साडी खाली ठेवली. कोणत्याही भाषेत ती काही बोलली नाही.

राजगोपालांनी चष्मा काढून पुसला. "मी त्याला वर पाठवलं नाही, अम्मा," ते म्हणाले. "तोच मागून घेऊन गेला. मी तीनदा बोलावलं. म्हणतो, हात चालत नाहीत. आता लग्नाचे दिवस संपले की काम सोडतो म्हणतो." त्यांनी चष्मा लावला आणि जिन्याकडे मान केली. "दहा मिनिटं. वर पंखा नाही."

माडीवर खरंच पंखा नव्हता. खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. जमिनीवर साड्यांची चळत होती आणि तिच्यापलीकडे सूर्या सुतळी कापत बसला होता. त्यानं तिला पाहिलं. उठला नाही, जा म्हणालाही नाही. ती खाली काय बोलली ते जिन्यातून वर ऐकू आलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

मालकांनी वर पाठवलं, असं खोटं सांगितल्याबद्दल त्यानं आधी माफी मागितली. स्वतःच पळालो म्हणायला लाज वाटली, म्हणाला. मग त्यानं सुतळी बाजूला ठेवली.

"दाखवा," तो म्हणाला.

"काय?"

"नट्टू. पहिल्यापासून. पोरांनी दाखवलं तेवढंच पाहिलंय मी. वाचलं नाही."

तिनं फोन दिला. काढून टाकलेला भागही तिच्या फोनवर होताच. एकूण वीस भाग. तो भिंतीला टेकून वाचू लागला आणि ती समोर बसली. आयुष्यात इतकी वाईट वेळ तिनं काढली नव्हती. परीक्षेत निदान उत्तरं आपण लिहीत असतो. इथे तिचं सगळं लिहून झालं होतं आणि आता फक्त त्याचा अंगठा सरकत होता. पहिल्याच भागात तो थांबला. नट्टू किंचाळत आईकडे धावतो, तेव्हा आई चुलीवरून नजर न काढता म्हणते, आधी दात घास, मग बघू मुलगी झालास की काय झालास. सूर्याच्या नाकातून हसू निसटलं. लगेच त्यानं ते आवरलं.

दुकानाचा भाग आला. तिनं डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तो अजून त्याच पानावर होता. मग पुढे गेला.

सगळ्यात जास्त वेळ तो चौदाव्या भागावर थांबला. त्यात दारापुढे कोलम, म्हणजे रांगोळी, काढायची पाळी नट्टूवर येते आणि ठिपकेसुद्धा नीट पडत नाहीत. मग आजोबा गुपचूप बाहेर येतात, धोतर सावरून खाली बसतात आणि पाहता पाहता सुरेख कोलम काढून देतात. लहानपणी आई आजारी असताना तेच काढायचे, कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणतात आणि हात झटकून आत जातात.

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. वर कोणी आलं नाही.

सूर्यानं फोन खाली ठेवला. "ह्यात त्याला कोणीच हसत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मज वाटलं होतं, सगळं त्याचसाठी आहे." तो खिडकीकडे पाहत होता. "नट्टूच्या ह्या घरात राहायला आवडेल मज. इथे कोणाला कशाचं भय नाही. मी दुकानात साडी लावताना तसाच होतो. ती पोरं येईपर्यंत मज ठाऊकच नव्हतं, की भ्यायचं असतं."

"चुकले मी," दिव्यश्री म्हणाली. "आवडलं म्हणून काढलं, पण विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर सगळं काढून टाकते. आत्ता."

त्यानं फोन पुन्हा उचलून दुकानाचा भाग उघडला. तिला खालच्या दुकानातला पंखासुद्धा ऐकू येत होता.

"निऱ्या उलट्या आहेत," शेवटी तो म्हणाला. "दुकानाच्या भागात. दुसऱ्या दिशेनं घातल्यात."

ती गोंधळली. "मी... आरशात बघून काढल्या."

"म्हणजे साडी तुम्ही नेसला होता."

"आईची. दार लावून."

त्याच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या. त्यानं चळतीतली वरची साडी घेतली, कुंकवाच्या रंगाची, आणि उभा राहिला. एकदा खाली गिऱ्हाइकांच्या आवाजाकडे त्याचा कान गेला. मग त्यानं घडी मोडली.

दिव्यश्रीनं मान खाली घातली. साडीची सळसळ ऐकू आली. एक निरी, दुसरी... आणि थांबली. ती जमिनीवरच्या सुतळीच्या तुकड्याकडे पाहत राहिली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा सळसळ. तिसरी. चौथी, पाचवी. आणि पदर खांद्यावर पडल्याचा तो हलका, भरीव आवाज.

"खाली का बघता?" त्यानं विचारलं.

"मी बघितलं की हात अडतील म्हणून."

तो जवळ आला. साडीचा काठ तिच्या नजरेच्या टप्प्यात आला, आणि मग त्याची अनवाणी पावलं.

"एक विचारतो," तो म्हणाला. "दुकान घेतलंत, बोलणं घेतलंत, हात घेतलेत. मग चेहरा का नाही घेतला? नट्टूचा चेहरा माझा नाही."

तिला वाटलं, काहीतरी सुटसुटीत उत्तर द्यावं. नट्टूचा चेहरा आधीच ठरला होता, असं. ते खरंही होतं. पण घरी कपाटात तेरा कागद होते. त्यांवर कपाळाची रेघ होती, भुवई होती, आणि पुढे काही नव्हतं. एवढं सगळं सांगून झाल्यावर आता हे लपवून काय उरणार होतं?

"काढायला बसायचे," ती म्हणाली. "पण चेहरा आठवायला लागले की... चित्र व्हायचं नाही. नुसतं बघत राहावंसं वाटायचं. आणि तुम्ही समोर असलात की बघायचं धाडस व्हायचं नाही. हात बघणं सोपं होतं. हातांना कळत नाही, कोण बघतंय ते."

खालून अत्तेची हाक आली. दिव्ये, झालं काय? अत्तेनं आणखी एकदा हाक मारली आणि मग तिचं राजगोपालांशी काहीतरी सुरू झालं.

"दिव्या," सूर्या म्हणाला. "आता बघ."

तिनं मान वर केली. तो घामानं निथळत होता, खांद्यावर लाल पदर होता, आणि त्याचा खालचा ओठ तिच्याइतकाच थरथरत होता. दिव्यश्रीनं पाहिलं. तो हसू लागला, मग तीही, तरी तिनं नजर काढली नाही.